सॅमनच्या मागावर : किपलिंग, क्लॅकमस आणि कोलंबिया नदी

मुंबईतल्या जरा बऱ्या हॉटेलात 'इंडियन सॅमन' मागवला की ताटात येतो तो आपला रावस. रावस चवीला झकास, त्याबद्दल वादच नाही. पण खऱ्या सॅमनशी त्याचं नातं विचाराल तर काडीचंही नाही. रावस हा समुद्राचा आणि खाडीचा मासा. सॅमनचं प्रकरण निराळं. तो जन्मतो डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यात, बोटाएवढा झाला की नदीबरोबर वाहत समुद्रात जातो, तिथे काही वर्षं खाऊन-पिऊन दांडगा होतो, आणि मग एक दिवस त्याला गावाची आठवण होते. शेकडो मैल प्रवाहाच्या उलट पोहत, धबधबे उड्या मारून चढत तो आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत येतो. ओढ्याच्या पाण्याच्या वासावरून त्याला वाट सापडते, हे आर्थर हास्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं आणि पुढे प्रयोगांनी दाखवलं. घरी पोचायचं, अंडी घालायची आणि मरायचं. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी आठवला ना? फरक इतकाच, की याच्याकडे परतीचं तिकीट नसतं.

विषय निघायचं कारण असं, की मी सध्या अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळ ऑनसाइट आहे, आणि आमच्या ऑफिसातल्या चौघांचा 'सॅमन पकडायची सहल' असा एक स्वप्नातला बेत गेले कित्येक महिने शिजतोय. एकाने गाईड शोधायचा, दुसऱ्याने गळ-दोऱ्या बघायच्या, तिसऱ्याने पैशांचा हिशेब करायचा, अशी कामं वाटली गेली. माझ्या वाट्याला आलं 'कुठे आणि कधी जायचं' हे शोधणं. दोन शनिवार-रविवार वाचनात गेले. हवामान आणि हॉटेलं बाजूलाच राहिली आणि मी भलत्याच इतिहासात शिरलो. तो इतका थरारक निघाला की म्हटलं, मंडळींना सांगायलाच हवा.

सुरुवात करू एका मुंबईकरापासून.

रुडयार्ड किपलिंग. 'जंगल बुक'वाला. जन्म ३० डिसेंबर १८६५, मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायचे. १८८९ साली हा तेवीस वर्षांचा पोरगा अलाहाबादच्या 'पायोनियर' या इंग्रजी वर्तमानपत्रासाठी लिहीत होता. त्या वर्षी मार्चमध्ये तो हिंदुस्थान सोडून निघाला आणि रंगून, सिंगापूर, हाँगकाँग, जपान करत २८ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. वाटेतून पत्रं लिहून पाठवायची आणि वर्तमानपत्राने ती छापायची, अशी व्यवस्था. म्हणजे आजच्या भाषेत ट्रॅव्हल ब्लॉगच म्हणायचा. ही पत्रं पुढे १८९९ मध्ये 'फ्रॉम सी टू सी' या नावाने पुस्तकरूपात आली.

तर हा किपलिंग कॅलिफोर्नियाहून उत्तरेला पोर्टलंडला आला. सोबत आगगाडीत ओळख झालेला एक म्हातारा, ज्याला तो नुसतं 'कॅलिफोर्निया' म्हणतो. पोर्टलंडमध्ये तिसरा गडी मिळाला. तिघं घोडागाडीतून क्लॅकमस नावाच्या नदीकडे गेले. क्लॅकमस ही विलामेटची उपनदी, आणि विलामेट पोर्टलंडच्या पुढे कोलंबियाला मिळते. आठ औंसांचा हलका रॉड, पुढे पळीच्या आकाराचं चकाकतं आमिष. पहिला मोठा मासा काठावर आणायला किपलिंगला सदतीस मिनिटं लागली. हात कापले, रक्त आलं, आणि पठ्ठ्याचा आनंद गगनात मावेना. वजन करायला आणलेला स्प्रिंगचा काटा पंधरा पौंडांपर्यंतचाच होता. 'कॅलिफोर्निया'च्या माशाने तो काटाच तोडला!

सहा तासांत सोळा मासे, एकूण वजन एकशे चाळीस पौंड. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पहिले तीन मासे गवतावर मांडल्यावर या तिघांनी शपथ घेतली, की यापुढचा प्रत्येक मासा नुसता तोलायचा आणि परत पाण्यात सोडायचा. १८८९ साली! आज जगभर ज्याला 'कॅच अँड रिलीज' म्हणतात, तेच. कोणी कायदा केला नव्हता, नदीवर शिपाई उभा नव्हता. पोटापुरतं झालं, आता बास, एवढाच विचार.

आता याच लेखाचा दुसरा अर्धा भाग बघा. क्लॅकमसला जाण्याआधी किपलिंग आगबोटीने कोलंबिया नदीवर फिरला होता. तिथे त्याने माशांचं चक्र पाहिलं. आपल्याकडे विहिरीवर रहाट असतो ना, तसंच काहीसं. प्रवाहात उभं केलेलं प्रचंड लाकडी चाक, पाळ्यांऐवजी जाळ्या. नदीचं पाणीच चाक फिरवतं आणि वर चढणारा सॅमन अलगद उचलला जाऊन बाजूच्या खड्ड्यात पडतो. माणसाने नुसतं बसून राहायचं. रात्रंदिवस, बिनपगारी, बिनतक्रार चालणारं मशीन. आमच्या धंद्यातल्या भाषेत 'फुल्ली ऑटोमेटेड'. कोलंबियावर असं पहिलं चाक १८७९ साली लागलं.

ते मासे जायचे डबाबंद करायच्या कारखान्यात. किपलिंगने तोही आतून पाहिला. रक्ताने आणि खवल्यांनी बरबटलेली जमीन आणि तिथे विजेच्या वेगाने मासे कापणारे, साफ करणारे चिनी कामगार. (१८८२ साली अमेरिकेने कायदा करून नव्या चिनी मजुरांना देशाचे दरवाजे बंद केले होते. पण कोलंबियावरचा हा सगळा धंदा चालत होता तो आधी आलेल्या याच लोकांच्या हातांवर.)

म्हणजे एकाच माणसाने, एकाच आठवड्याच्या आगेमागे, एकाच मुलखात दोन दृश्यं पाहिली. एकीकडे तिघं दोस्त शपथ घेऊन मासे परत सोडतायत, आणि दुसरीकडे चाक गरागरा फिरतंय. पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते समजायला ही दोन चित्रं पुरेशी आहेत.

थोडे आकडे बघू. कोलंबियावरचा सॅमन डबाबंद करायचा पहिला कारखाना १८६६ साली सुरू झाला. ह्यूम बंधू आणि त्यांचा भागीदार हॅपगुड यांचा. पहिल्या वर्षी चार हजार पेट्या भरल्या. एका पेटीत एकेक पौंडाचे अठ्ठेचाळीस डबे. अवघ्या सतरा वर्षांत, १८८३ साली, कोलंबियावरच्या सगळ्या कारखान्यांची मिळून बेरीज सहा लाख पेट्यांच्या वर गेली. गुणाकार करा, जवळपास तीन कोटी डबे. स्वस्त, टिकाऊ, पौष्टिक. इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराच्या जेवणात ऑरेगनचा सॅमन आला. आणि १८८३ नंतर? चिनूक जातीच्या सॅमनचा तो उच्चांक. मग कारखानदार सॅमनच्या दुसऱ्या जातींकडे वळले.

मासे कमी होतायत हे लोकांना कळत नव्हतं असं अजिबात नाही. उलट फार लवकर कळलं होतं. १८७५ साली अमेरिकेचे मत्स्य आयुक्त स्पेन्सर बेअर्ड यांना विचारलं गेलं, की काय उपाय करावा? बेअर्ड यांनी जास्त मासेमारी, धरणं आणि नदीची बिघडलेली अवस्था ही कारणं नीट ओळखली. पण उपाय काय सांगितला? मासेमारीवर बंधनं घालत बसण्यापेक्षा कृत्रिम पैदास करा, म्हणजे कायद्यांची गरजच उरणार नाही. त्याप्रमाणे १८७७ साली लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी कोलंबियाच्या खोऱ्यातलं पहिलं सॅमन पैदास केंद्र उभारलं. कुठे माहितीये? क्लॅकमस नदीवर. किपलिंग तिथे मासे धरायला गेला त्याच्या बारा वर्षं आधी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हा प्रकार चांगला ओळखतो. मूळ बग कुठे आहे ते सापडलंय, पण तो दुरुस्त करायचा तर मोठ्या क्लायंटचं मन दुखावतं. मग वरून एक पॅच मारायचा आणि रिलीज करायचं. पॅच चालतो, म्हणून कोणी बग दुरुस्त करत नाही. मग पॅचवर पॅच. कोलंबिया नदीवर हा प्रकार दीडशे वर्षं चालू आहे.

इथपर्यंत ज्यांचा उल्लेखच आला नाही, त्यांच्याकडे वळू. किपलिंगच्या आणि कारखानदारांच्या आधी ही नदी रिकामी नव्हती. पोर्टलंडहून पूर्वेला, द डॅल्स गावाच्या थोडं वर, सेलिलो नावाचा धबधबा होता. सगळी कोलंबिया नदी तिथे खडकांच्या चिंचोळ्या वाटांतून कोसळायची, आणि उड्या मारून वर चढणारे सॅमन लाकडी मचाणांवर उभे राहून लांब दांड्याच्या जाळ्यांनी धरायचे. त्या भागात माणूस दहा हजारांहून जास्त वर्षं मासे धरतोय असं उत्खननांवरून दिसतं. आणि नुसती मासेमारी नाही, तर मोठी बाजारपेठ. वाळवून कुटलेला सॅमन, घोडे, शिंपले, टोपल्या. दूरदूरच्या जमाती तिथे यायच्या. कोणत्या मचाणावर कोणत्या घराण्याचा हक्क हे ठरलेलं, आणि हंगामातला पहिला मासा विधीपूर्वक सगळ्यांनी मिळून खाल्ल्याशिवाय मासेमारी सुरू होत नसे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

१८५५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सरकारने इथल्या जमातींशी करार केले. याकामा, उमाटिला, नेझ पर्स आणि वॉर्म स्प्रिंग्ज. जमातींनी प्रचंड जमीन दिली आणि एक गोष्ट स्वतःकडे राखली. आपल्या नेहमीच्या जागांवर, राखीव क्षेत्राच्या बाहेरसुद्धा, मासे धरायचा हक्क. करारात तसं स्वच्छ लिहिलंय.

लिहिलेलं पाळतंय कोण? पन्नास वर्षांच्या आतच चाकांचे मालक या लोकांना आपल्या 'खासगी' जमिनीतून नदीकडे जाऊ देईनात. विनन्स नावाच्या चाकवाल्या बंधूंवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९०५ साली निकाल याकामांच्या बाजूने लागला. त्या निकालातला युक्तिवाद मला फार आवडला. न्यायालयाचं म्हणणं साध्या भाषेत असं : करार म्हणजे सरकारने या लोकांना केलेलं दान नव्हे. दान झालंच असेल तर ते उलट दिशेने झालंय. त्यांनी जे दिलं ते दिलं, जे दिलं नाही ते त्यांचंच राहिलं. वाचून थांबलो. आपल्याकडे जंगल, खाडी, नदी यांवरच्या हक्कांची चर्चा नेहमी 'सरकारने काय दिलं' इथून सुरू होते. हा माणूस प्रश्नच उलटा करतो.

चाकं अखेर कायद्याने बंद झाली. ऑरेगनमध्ये १९२६ साली, वॉशिंग्टन राज्यात १९३४ साली. दोन्ही वेळा लोकांच्या मतदानाने. पण तोवर त्याहून मोठं यंत्र नदीवर येऊ घातलं होतं. धरण.

१९३८ मध्ये बॉनविल धरण पुरं झालं. त्याला माशांसाठी शिड्या ठेवल्या होत्या. शिडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट, मासा एकेक टप्पा उडी मारून चढतो. वरच्या अंगाला ग्रँड कूली धरण १९४२ च्या सुमाराला पुरं झालं. साडेपाचशे फूट उंच. त्याला शिडी नाही. तिथून वर कॅनडापर्यंतच्या शेकडो मैल नद्यांत सॅमन संपला. केटल फॉल्स ही तिथली जुनी मासेमारीची जागा बुडणार म्हणून १९४० च्या जूनमध्ये हजारो आदिवासी शेवटचे एकत्र जमले. त्या मेळाव्याला 'अश्रूंचा सोहळा' असंच नाव पडलं.

आणि १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे लावले. काही तासांत सेलिलो धबधबा पाण्याखाली गेला. लोक काठावर उभे राहून बघत होते. दहा हजार वर्षं एका दिवसात. भरपाई म्हणून चार जमातींना मिळून २ कोटी ६८ लाख डॉलर दिले गेले. २००८ साली अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढला, तेव्हा खालचे खडक जसेच्या तसे दिसले. धबधबा तिथेच आहे. फक्त कोसळत नाही.

आता इथे धरणांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण मी त्याच विजेवर जगतो. ग्रँड कूलीच्या विजेवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं ॲल्युमिनियम तयार झालं, वाळवंटात शेतं पिकली. आणि गूगलने आपलं मोठं डेटा सेंटर २००६ साली कुठे सुरू केलं? द डॅल्समध्येच. कारण काय, तर स्वस्त जलविद्युत आणि नदीचं पाणी. म्हणजे सेलिलोची माहिती शोधायला मी सर्च मारतो, तेव्हा उत्तर कदाचित सेलिलो बुडवणाऱ्या धरणाशेजारच्या मशीनवरूनच येत असेल. याच्यावर काय बोलणार!

आपल्याकडेही ही गोष्ट घडलीच आहे. बंगाली मित्र ज्याच्यासाठी जीव टाकतात तो हिलसा सॅमनसारखाच समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो. पूर्वी तो गंगेतून पार अलाहाबादपर्यंत जायचा. होय, तेच किपलिंगच्या वर्तमानपत्राचं अलाहाबाद. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला आणि त्याच्या वरच्या गंगेत हिलसा जवळपास दिसेनासा झाला. वरच्या गावांतल्या मच्छीमारांचं काय झालं यावर आपल्याकडे किती लिहिलं गेलंय? असो.

परत कोलंबियाकडे. मासे घटले तसं 'कमी कोणामुळे झाले' याचं भांडण सुरू झालं. धरण तर हलवता येत नाही, वीज सगळ्यांना हवी. मग बोट कोणाकडे? काठावर जाळं लावून बसलेल्या आदिवासीकडे. शहरातून मोटारबोट घेऊन येणारे हौशी गळवाले म्हणायचे, हे लोक जाळी लावून आमचे मासे संपवतात. डेव्हिड सोहॅपी नावाच्या याकामा मच्छीमाराने आणि त्याच्या साथीदारांनी राज्याविरुद्ध खटला भरला. १९६९ साली न्यायाधीश बेलोनी यांनी निकाल दिला, की या जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे. १९७४ साली शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी 'न्याय्य' म्हणजे किती तेही सांगून टाकलं. पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्मे. गळवाल्यांनी आणि व्यापारी मच्छीमारांनी आकाशपाताळ एक केलं. पण १९७९ साली सर्वोच्च न्यायालयानेही मुख्य मुद्दा उचलून धरला.

सोहॅपीचं मात्र भलं झालं नाही. १९८२ साली सरकारने सापळा रचून, गुप्त गिऱ्हाईकं पाठवून, नदीकाठच्या लोकांना मासे विकताना पकडलं. सोहॅपीला ३१७ माशांच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोग्य ढासळलेल्या अवस्थेत १९८८ मध्ये तो सुटला आणि १९९१ साली वारला. तीनशे सतरा मासे. मघाचे तीन कोटी डबे लक्षात आहेत ना? त्यांच्यासाठी कोणी एक दिवसही आत गेला नव्हता.

मागच्या महिन्यात मी बॉनविल धरणावर जाऊन आलो. शिडीच्या बाजूला काचेच्या खिडक्या आहेत, त्यातून चढणारे मासे दिसतात. हाताच्या लांबीचे, चंदेरी, काहींच्या अंगावर समुद्रातल्या सीलने घेतलेले चावे. एकेक मासा काचेसमोर क्षणभर थांबतो, शेपटीने पाणी मागे ढकलतो आणि पुढे सरकतो. दुसऱ्या एका खिडकीपाशी बसून माणसं त्यांची मोजणी करतात. चिनूक आला, हे बटण. स्टीलहेड आला, ते बटण. दर तासातली पन्नास मिनिटं मोजायचं आणि उरलेल्या दहा मिनिटांचा हिशेब गुणाकाराने लावायचा. १९३८ पासूनचे आकडे नेटवर फुकट मिळतात. मी अर्थातच सगळे उतरवून घेऊन त्यांचे ग्राफ काढले. २०१३ सालच्या शरद ऋतूतल्या चिनूकची उंच उडी दिसते, नऊ लाखांच्या वर. पण बराचसा मासा पैदास केंद्रांतला. आणि किपलिंगच्या आधीच्या काळी खोऱ्यात दर वर्षी एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन परत यायचे असा अंदाज आहे. तो आकडा ग्राफवर टाकला की बाकीचं सगळं तळाशी चिकटून बसतं.

ग्राफमध्ये न मावणारा एक आकडाही सांगतो. कोलंबियाची मोठी उपनदी स्नेक, तिच्या पार वरच्या टोकाला आयडाहो राज्यात रेडफिश लेक आहे. समुद्रापासून नऊशे मैल दूर, साडेसहा हजार फूट उंच. लाल सॅमनमुळे तळं तांबडं दिसायचं म्हणून हे नाव. वाटेत आठ धरणं. १९९२ साली तिथे किती सॉकाय सॅमन पोचले? एक. फक्त एक नर. त्याचं नाव पडलं 'लोनसम लॅरी', एकटा लॅरी. शास्त्रज्ञांनी त्याचं बीज जपून ठेवलं आणि पैदास कार्यक्रमात वापरलं, म्हणून तो वंश आजही टिकून आहे. नऊशे मैल पोहत, आठ धरणं चढत घरी यावं आणि घरी कोणीच नसावं... जाऊ दे.

आता मुद्द्याचं बोलू, नाहीतर टीमवाले मला सोडणार नाहीत. एवढं वाचून बेताचं काय? बेत रद्द करा असं मी म्हणत नाही. उलट जायलाच हवं असं म्हणतो. नदीवर हौसेने जाणारी माणसं संपली तर नदीची काळजी करणारीही कमी होतील. परवान्याच्या पैशांतला वाटा मत्स्य खात्याच्या कामाकडेच जातो. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

पहिली : आधी नदी आणि जात ठरवा, मग तारीख. उलटं नाही. वसंतातला चिनूक हवा तर एप्रिल-मेमध्ये विलामेटवर ऑरेगन सिटीच्या आसपास. मोठ्या गर्दीचा तमाशा हवा तर ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या मुखाशी, ॲस्टोरियाला. विमानाचं स्वस्त तिकीट बघून सॅमन येत नाही.

दुसरी : नियम दर वर्षी बदलतात, आणि मासे कमी आले तर हंगामाच्या मध्येही नदी बंद होते. निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य खात्याचं पान उघडून बघायचंच. पैसे भरले, रजा काढली, आणि नदी बंद, असं होऊ शकतं. तसं झालं तर कुरकुर न करता धबधबे बघून परत यायचं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : माशाच्या पाठीवर, शेपटीजवळ एक छोटासा मांसल पर असतो. पैदास केंद्रातल्या पिल्लांचा हा पर बहुधा कापलेला असतो. म्हणजे पर नसेल तर मासा केंद्रातला. पर शाबूत असेल तर बहुतेक तो रानातला, ओढ्यात जन्मलेला. इथल्या बऱ्याच नद्यांवर तो ठेवून घ्यायला परवानगी नसते. त्याला पाण्याबाहेर न काढता सोडायचं. तिघा दोस्तांनी क्लॅकमसच्या काठी हौसेने घेतलेली शपथ आज इथे कायदा आहे. फरक असा, की त्यांच्याकडे मासे जास्त होते म्हणून त्यांनी सोडले, आणि आपल्याकडे कमी आहेत म्हणून सोडायचे.

चौथी : गळाला काही लागलं नाही (पहिल्या खेपेला बहुधा लागत नाही असं इथले जाणकार सांगतात), तर रिकाम्या हाताने यायचं कारण नाही. हंगामात कॅस्केड लॉक्स गावी पुलाखाली आदिवासी मच्छीमार स्वतःचे ताजे मासे थेट विकतात. १८५५ च्या कराराने राखलेल्या हक्काचे मासे. घासाघीस करायची आपली सवय तेवढी घरी ठेवायची.

क्लॅकमस नदीवरही पुढे धरणं झाली. त्यातल्या एका धरणाची शिडी १९१७ साली पुरात वाहून गेली आणि १९३९ पर्यंत नव्याने बांधली गेली नाही. वीसहून जास्त वर्षं वरचा रस्ता बंद. म्हणजे माशांच्या चार-पाच पिढ्यांनी भिंतीला डोकं आपटलं. तरीही नदीच्या खालच्या भागात काही तग धरून राहिले, शिडी झाल्यावर परत वर गेले, आणि आजही तिथे रानातले सॅमन येतात.

तसंच नुकतं, खूप मोठ्या प्रमाणावर, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या क्लॅमथ नदीवर झालं. (नावं सारखी आहेत, नद्या वेगळ्या.) तिथल्या युरोक, कारुक वगैरे जमातींनी वीसेक वर्षं लढा दिला आणि चार धरणं पाडायला लावली. काम २०२३ मध्ये सुरू झालं, २०२४ च्या ऑक्टोबरात संपलं. लोकांचा अंदाज होता की मासे परत यायला काही वर्षं लागतील. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी, काम संपून पुरता महिनाही झाला नव्हता, तेव्हा ऑरेगनमधल्या वरच्या एका ओढ्यात चिनूक सॅमन दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदा. त्याच्या आजा-पणजाने, खापरपणजाने ती वाट कधी पाहिली नव्हती. पाणी मोकळं झालं आणि तो वर गेला.